सलईचा खांब

तळोद्याहून डोंगराकडे जाणारी वाट जिथे चढायला लागते, तिथे चिमटीपाडा आहे. पंधरा-वीस घरं, तीही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. त्या पाड्यात वाहरू नावाचा एक लंगडा माणूस राहत असे. कुणाच्याही घरी गेला की तो आधी आत जात नसे. अंगणात उभा राहून हातातल्या काठीनं पडवीचा खांब वाजवायचा, एकदा बुंध्याशी, एकदा छातीच्या उंचीवर, आणि मान कलती करून ऐकायचा. आत बोलावलं तरी पडवीच्या कडेलाच बसायचा, निम्मं अंग उन्हात. लोकांना ते अंगवळणी पडलं होतं. वाहरू खांबांची खुशाली विचारायला आला, असं म्हणत बायका पाण्याचा तांब्या बाहेरच आणून द्यायच्या. तोही हसायचा. पण घाम पुसत हसायचा.

पाय जाण्याआधी आसपासच्या चार-पाच पाड्यांत लाकूड ओळखणारा म्हणून त्याचंच नाव होतं. नवं घर बांधायचं ठरलं की लोक त्याला घेऊन जंगलात जायचे. तो झाडाला हात लावायचा, कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं ठोकायचा आणि सांगायचा, हा साग आतून पोकळ आहे, तो घे. त्यानं निवडलेला खांब कधी वाकला नाही. घराचा खांब कुरकुरला तर डोंगरात ते वाईट मानतात. घरात काही तरी रुसलंय म्हणतात, आणि तो खांब काढून टाकतात. वाहरूच्या खांबांनी कधी तोंड उघडलं नाही, असं त्याचा सासरा मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगे. सासरा वारला तेव्हा त्याच्यामागे बायको दिवलीबाई, वाहरूला दिलेली मुलगी फुलीबाई, आणि धाकटा मुलगा गोवाल एवढी माणसं राहिली.

तेव्हा आपल्या भागाला पश्चिम खानदेश म्हणत. छप्पन सालच्या दसऱ्यानंतर तळोद्याच्या बाजारात रूपचंद मुकादम माणसं गोळा करत होता. चांद्याकडे कोळशाची खाण आहे, जायचं भाडं फुकट. ऊस तोडायला जाणाऱ्यांना तो हसला.

“तठे ना ऊन लागस, ना पानी,” तो म्हणाला. “घरमा बठेल गत काम शे.”

गोवाल वीस-एकवीस वर्षांचा होता. लग्नाचं बोलणं चालू होतं, मुलीच्या बापाला देज द्यायचं होतं. तो म्हणाला, मी जातो. दिवलीबाई एकट्याला सोडेना. शेवटी वाहरू बरोबर निघाला, तेव्हा कुठे ती कबूल झाली. निघायच्या दिवशी तिनं गोवालचा हात धरून वाहरूच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाली, “नेतोस तसा आण. होळीला.”

नंदुरबारला ते गाडीत बसले. भुसावळ, वर्धा, आणि पुढे तिसऱ्या दिवशी खाण. त्या खाणीचं नाव वाहरूला कधी नीट सांगता आलं नाही. तीन नंबर, एवढंच तो सांगे.

पहिली होळी त्यांनी गावी येऊन केली आणि पुन्हा गेले. कामाचा सराव झाला होता. उतरत्या बोगद्यानं पाऊण तास चालत जायचं, टोपीला दिवा, डोक्यावर दगडाचं छत. सुरुंगानं फोडलेला कोळसा टोपल्यांनी रुळांवरच्या लोखंडी डब्यांत भरायचा. मुकादमानं सांगितलेलं खरंच होतं. ऊन नाही, पाऊस नाही. गोवालला त्याचं फार हसू यायचं. वर पाणी ठिबकायला लागलं की तो म्हणायचा, रूपचंदला बोलवा, घर गळतंय.

त्या खाणीत कोळसा काढताना मध्ये मध्ये कोळशाचेच जाड खांब सोडलेले होते. छत त्यांच्यावर उभं. पण सगळा भाग खोदून झाला की परत येताना ते खांबही काढायचे असा रिवाज होता. कोळशाचा खांब निघेल तशा त्याच्या जागी लाकडाच्या बल्ल्या उभ्या करायच्या, आणि मग मागे हटत हटत ती जागा सोडून द्यायची. हे काम सगळ्यांत धोक्याचं. बल्ल्या लावणारा म्हातारा करणसिंग मिस्त्री होता. वाहरूला लाकडातलं कळतं हे त्यानं चार दिवसांत ओळखलं आणि त्याला आपल्या हाताखाली घेतलं. टोपली सुटली. वाहरूची मान जरा ताठ झाली.

करणसिंगची एक पद्धत होती. दर ठिकाणी पाच-सहा बल्ल्या मजबूत लाकडाच्या लावायच्या, पण माणसं जिथे काम करतात तिथे, त्यांच्या अगदी जवळ, एक सलईची. ती इतरांपेक्षा घट्ट ठोकायची, म्हणजे छताचा भार पहिल्यांदा तिच्यावर यावा. सलई म्हणजे हलकं, मऊ लाकूड. भार आला की ती आधी कुरकुरते, मग तडतडते. ती बोलली की हातातलं टाकून पळायचं. कोपऱ्यावरच्या न काढलेल्या कोळशाच्या खांबापाशी पोचायला दहा पावलं लागत.

“दस कदम मिल जाते हैं,” मिस्त्री म्हणायचा. “उतने बहुत हैं.”

वाहरूनं हे ऐकलं होतं. एकदा नाही, अनेकदा. पण त्याच्या मनाला ते पटत नव्हतं. डोंगरातला माणूस सलईचा खांब गुरांच्या गोठ्यालासुद्धा लावत नाही. दोन वर्षांत वाळवी खाते. आणि कुरकुरणारा खांब डोक्यावर मुद्दाम ठेवायचा, हे कुठलं शहाणपण? म्हातारा झाला म्हणून मिस्त्रीला वजन उचलवत नसेल, असं त्याला वाटायचं. तोंडानं तो काही बोलला नाही.

गोवाल मात्र बोलायचा. भाकर खायला टेकले की तो छताकडे दिवा वळवायचा आणि विचारायचा, “पाव्हणा, तुझं लाकूड काय म्हणतं?”

वाहरू म्हणायचा, “काय म्हणणार? गप आहे.”

अठ्ठावन्न सालचा माघ महिना. होळीला तीन आठवडे उरले होते. करणसिंगला ताप आला म्हणून तो दोन दिवस वर राहिला आणि बल्ल्यांचं काम वाहरूकडे आलं. त्या दिवशी गोवाल जिथे भरत होता तिथली सलईची बल्ली सकाळपासून बारीक कुरकुरत होती. छत तपासणाऱ्या सरदारानं येऊन ते वाजवून पाहिलं, अजून चालेल म्हणाला, पण लक्ष ठेवा, आणि पुढे गेला. प्रत्येक कुरकुरीला गोवाल दचकून कोपऱ्यावर पळायचा आणि हसत परत यायचा. तीनदा असं झालं. वाहरूला ते बघवेना. बायकोचा भाऊ, सासूनं हातात दिलेला, आणि त्याच्या डोक्याशी असलं फडतूस लाकूड. लाकडांच्या ढिगात अंजनाची एक बल्ली आली होती. अंजन म्हणजे लोखंड. कुऱ्हाडीची धार मोडते. वाहरूनं ती निवडली. दोघांनी मिळून खांद्यावरून आणली, ठोकून बसवली, आणि सलई काढून टाकली.

कुरकुर थांबली. सगळं शांत झालं. गोवालनं अंजनावर हात थोपटला.

त्यानंतर दोन डबे भरले गेले. तिसरा भरलेला डबा ढकलत वाहरू कोपऱ्यापर्यंत आला होता. काही वाजलं नाही. कडकड नाही, माती गळाली नाही. अंगावर वारा आल्यासारखं झालं, दिवा विझला, आणि मग आवाज आला, तो सगळं संपल्यानंतरचा. वाहरूचा डावा पाय गुडघ्याखाली दगडात होता. त्यानं गोवालला हाक मारली. पुन्हा मारली. नंतर माणसं दिवे घेऊन आली, तोवर तो हाका मारतच होता.

गोवालला दुसऱ्या दिवशी काढलं. तिकडेच नदीकाठी पुरलं. वाहरू दवाखान्यात होता, त्यानं काही पाहिलं नाही. चौकशीला साहेब आला, खाटेपाशी उभा राहिला. छत कमजोर होतं असं कागदावर लिहिलं गेलं, त्याच्यावर वाहरूचा अंगठा घेतला. बल्लीचं कुणी विचारलं नाही. मग एक दिवस करणसिंग आला. तापानं अर्धा झाला होता. बराच वेळ वाहरूच्या पायाच्या फडक्याकडे बघत बसला. उठताना म्हणाला, “बल्ली अच्छी थी, बेटा. बोली नहीं, बस.”

त्याला कळलं होतं. त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि वाहरूनंही नाही.

तो गावी आला तेव्हा होळी होऊन गेली होती. दिवलीबाईला सांगितलं, डोंगर बसला. फुलीबाईलाही तेच सांगितलं. दोघी रडल्या. मुलगा गेला तरी जावई वाचला म्हणून म्हातारीनं त्याच्या लंगड्या पायाला तेल चोळलं. तिचे हात पायावर फिरत होते आणि वाहरू कुडाच्या भिंतीकडे तोंड करून पडला होता.

तेव्हापासून त्याला घरातली शांतता सोसेनाशी झाली. वारं सुटलं, कौलं हलली, वासे वाजले की त्याचा जीव भांड्यात पडायचा. पण भर दुपारी, वारा पडला, कोंबड्यासुद्धा सावलीला गप झाल्या की तो उठून अंगणात यायचा. स्वतःच त्यानं निवडलेले सागाचे खांब आत उभे असायचे, सरळ, मुके. कुणी तरी अगदी जवळून विचारायचं, पाव्हणा, तुझं लाकूड काय म्हणतं? आवाज रागाचा नसे. भाकर खाता खाता विचारल्यासारखाच असे. त्याचंच त्याला जास्त भय वाटे. फुलीबाईनं भगताला आणलं, कोंबडा दिला, काही फरक पडला नाही. जंगलात लाकूड दाखवायला तर त्यानं जाणंच सोडलं. पायाचं निमित्त होतंच.

पण एक लाकूड त्याला सुटणारं नव्हतं. आपल्या डोंगरात असं आहे, की ज्याला अवेळी, वाईट मरण आलं त्याच्या नावानं शेताच्या बांधावर लाकडी खांब रोवतात. खांब उभा राहिला की तो माणूस घरच्या देवांत येतो, नव्या धान्याचा घास त्याच्या नावानं काढता येतो. तोवर तो वाटेवरच. आणि हा खांब बहिणीच्या नवऱ्यानंच तोडायचा. दुसऱ्यानं तोडलेला चालत नाही.

दिवलीबाईनं पहिल्याच वर्षी विचारलं. वाहरू म्हणाला, पाय भरू दे. दुसऱ्या वर्षी म्हणाला, मनाजोगं झाड दिसत नाही. तिसऱ्या वर्षी फुलीबाईला मूल होणार होतं, त्याचं कारण झालं. चौथ्या वर्षी म्हातारीनं नवी ज्वारी खाल्लीच नाही. घरात नवं धान्य शिजलं तरी ती जुनं, किडकं दळून खायची. म्हणाली, मुलाच्या आधी मी कशी खाऊ? फुलीबाई नवऱ्याशी भांडली. माझा भाऊ वाटेवर उभा आहे आणि तू खांब वाजवत हिंडतोस, असं ती त्याला चारचौघांत म्हणाली. त्याला कळत होतं की गोवालसाठी पुन्हा लाकूड निवडायला कुऱ्हाड उचलली, की इतकी वर्षं मुकं ठेवलेलं तोंड त्याला उघडावं लागेल. आणि उघडलं तर ही दोन माणसं, ज्यांच्या जिवावर तो उभा होता, ती त्याची राहणार नव्हती.

बासष्ट साली फाल्गुनात, होळीच्या आधी, दिवलीबाई स्वतःच त्याच्या अंगणात येऊन बसली. कुऱ्हाड तिनं बरोबर आणली होती. फुलीबाईकडे बघून म्हणाली, पोराला शेजारी ठेव आणि तूही चल. वाहरूनं काठी घेतली.

तिघं नाल्याच्या अंगानं वर गेली. पानगळ झालेली. म्हातारीला वर्षानुवर्षं जळण गोळा करून प्रत्येक झाड माहीत होतं. ती सागांपाशी थांबली नाही. चढावर एक अंजनाचं झाड होतं, मांडीएवढं, सरळ. तिथे जाऊन तिनं बुंध्यावर हात ठेवला.

“हा घे,” ती म्हणाली. “लोखंड आहे. माझ्या गोवालला वाळवी लागायची नाही.”

वाहरूनं कुऱ्हाड हातात घेतली. घेतली आणि तशीच खाली ठेवली.

“हा नको, याहा.” याहा म्हणजे आई, सासूला तो आईच म्हणत असे.

“का नको? किडला आहे?”

“किडला नाही. हा बोलत नाही.”

आणि मग तो खाली बसला आणि सगळं सांगितलं. सलई का ठोकतात ते, ती तीनदा कुरकुरली ते, मिस्त्री वर होता ते. अंजनाची बल्ली ढिगातून त्यानंच कशी निवडली, ते सांगताना त्याचा हात त्या झाडाकडे गेला आणि त्यानं तो मागे घेतला. काही आवाज झाला नाही, हे त्यानं दोन-तीनदा सांगितलं. फुलीबाई तोंडावर पदर धरून उभी होती. तिनं एकदा कुऱ्हाडीकडे पाहिलं, मग आईकडे.

दिवलीबाई झाडाला टेकून ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, “त्याला माहीत होतं? तू लाकूड बदललंस ते?”

“त्यानंच एका टोकाला खांदा दिला.”

“काय म्हणाला?”

वाहरूनं काठीनं पाचोळा बाजूला सारला. “म्हणाला, आता डोळा लागला तरी भीती नाही.”

म्हातारीनं अंजनावरचा हात काढला. तो हात तिनं लुगड्याला पुसला, काही चिकटल्यासारखा. मग ती पुढे चालायला लागली. थोडं वर सलईची दोन-तीन झाडं होती, साल सुटलेली, उघडी. त्यातल्या एकापाशी उभी राहून तिनं बोटानं दाखवलं. वाहरूनं सलई तोडली. मऊ लाकूड, दहा-बारा घावांत पडलं. परत येताना फुलीबाईनं एक टोक धरलं, पण नवऱ्याकडे पाहिलं नाही.

पाड्यात लोकांनी नावं ठेवली. सलईचा खांब कुणी रोवतं का, दोन पावसाळ्यांत भुसा होईल. दिवलीबाईनं कामाला हात घातला. साल काढली, वरच्या टोकाला चंद्र-सूर्य कोरले, शेंदूर लावला, गोवालचं जुनं धोतर बुडाशी पुरलं. त्या वर्षी तिनं नवी ज्वारी खाल्ली. वाहरूशी मात्र ती बोलेना. फुलीबाई त्याला भाकर वाढायची आणि उठून जायची. घर चालू होतं, पण त्याच्यापुरतं त्यात शब्द उरले नव्हते. आणि गोवाल? तो देवांत गेला असं भगत म्हणाला. वाहरूला दुपारी ऐकू येणारं थांबलं नव्हतं.

वैशाखात एके दिवशी दिवलीबाई बांधावर आली होती. गोवालला पाणी ठेवायला ती रोज यायची. वाहरू शेतात काटक्या वेचत होता, तिच्यापासून लांब, कारण जवळ गेला की ती उठायची. ऊन असं होतं की पान हलत नव्हतं. म्हातारी खांबाला पाठ टेकून बसली होती.

तेवढ्यात सलई बोलली. उन्हानं वाळताना लाकूड तडकतं तशी. आधी एक बारीक कुरकुर, मग टच्.

वाहरूनं काटक्या टाकल्या. कसा धावला ते त्यालाही सांगता आलं नसतं. काठी मागेच पडली होती. त्यानं म्हातारीच्या दंडाला धरलं, ओढलं, फरपटत नेलं, एक, दोन, तीन, चार, आणि दहाव्या पावलाला तिला जमिनीवर आडवं करून तिच्यावर स्वतःला झोकून दिलं. डोकं दोन्ही हातांनी झाकलं. वर उघडं आभाळ होतं. एक घार फिरत होती.

काही पडलं नाही. खांब उभा होता, त्याला वरपासून एक उभी चीर गेली होती.

म्हातारी त्याच्याखाली निपचित पडली होती, तोंडात माती गेलेली. बऱ्याच वेळानं तिनं मान वळवली. फाल्गुनानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

“एवढा वेळ मिळतो?”

“मिळतो, याहा.”

“एवढा मिळाला असता.”

त्याला बाजूला सारून ती उठली, लुगडं झटकलं. जाऊन त्याची काठी उचलून आणली, त्याच्यापुढे टाकली आणि घराकडे चालू लागली. त्या संध्याकाळी फुलीबाई भाकर वाढून उठली नाही, समोर बसून राहिली. आईनं तिला काय सांगितलं होतं ते तिनं सांगितलं नाही.

तो खांब चौसष्टच्या पावसाळ्यात वाळवीनं गेला. लोक म्हणाले, आता तरी साग लावा. दिवलीबाईनं वाहरूला बोलावलं आणि सलईच आणायला सांगितली. पुढे सहासष्टला पुन्हा. अडुसष्टला म्हातारी गेली, तरी त्या वर्षी फाल्गुनात वाहरू आपला आपणच कुऱ्हाड घेऊन वर गेला. नवा खांब रोवला, शेंदूर लावला, पाणी ठेवलं. मग मोजून दहा पावलं मागे येऊन उन्हात बसला, आणि त्याच्याकडे कान देऊन राहिला.